साधन दिले, सुरक्षितता दिली का?

(रुग्णालयाच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात माझ्याकडे एक ठरलेले काम असते. जमाखर्चाचा गोषवारा वाचून दाखवायचा, देणगीदारांचे ऋण व्यक्त करायचे आणि खाली बसायचे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतकी वर्षे रुग्णालयात काढली तरी वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला प्राप्त झालेला नाही, याची मला जाणीव आहे. या वर्षी मात्र अध्यक्षांनी सांगितले, "आकडे अहवालात छापलेले आहेतच. तुम्ही एखाद्या विभागाविषयी बोला." त्यांच्या आज्ञेनुसार मी तळमजल्यावरील, केसपेपरच्या खिडकीमागील एका खोलीविषयी चार शब्द बोलणार आहे. त्या खोलीवर 'रुग्णोपयोगी साहित्य केंद्र' असा फलक आहे.

अशी केंद्रे महाराष्ट्रास नवीन नाहीत. रोटरी आणि लायन्स क्लब, जनकल्याण समिती, निरनिराळी मंडळे व ज्ञातिसंस्था गावोगावी हे काम निष्ठेने करीत आल्या आहेत. घरात कोणी आजारी पडले, की नातेवाइकांनी यावे, अनामत रक्कम भरावी, नाममात्र भाडे द्यावे आणि लागणारी वस्तू घेऊन जावे. काम संपले, की वस्तू परत करावी आणि अनामत घेऊन जावे. आपल्याकडे वॉकर, साध्या व चार पायांच्या काठ्या, कुबड्या, व्हीलचेअर, कमोड खुर्च्या, फाउलर कॉट, एअर बेड, नेब्युलायझर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहेत. यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तू आपणांपैकी कोणाच्या ना कोणाच्या दातृत्वातून आलेली आहे. पुष्कळ वस्तूंवर आई-वडिलांच्या स्मरणार्थ नावे कोरलेली आहेत. ज्याला महिना-दोन महिन्यांसाठी कॉट हवी, त्याने ती विकत घेण्याचे कारण नाही, ही यामागची सरळ आणि शहाणपणाची दृष्टी आहे.

या केंद्राचा मला अभिमान होता आणि आहे. अनेक वर्षे मी याच व्यासपीठावरून वर्षभरात किती साधने दिली गेली, याचा आकडा वाचून दाखवला आणि आपण टाळ्या वाजवल्या. त्या आकड्याविषयीच आज मला थोडे वेगळे सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी केंद्रातील कर्मचारी रजेवर असल्याने खिडकीवर मी स्वतः बसलो होतो. साधारण पन्नाशीचे एक गृहस्थ वॉकर परत करण्यास आले. "आईला आता लागणार नाही, साहेब," ते म्हणाले. मी सहजच विचारले, "चालायला लागल्या ना?" ते म्हणाले, "नाही. न्हाणीघराच्या दारात पडली. खुबा मोडला. आता अंथरुणावरच आहे." मला काय बोलावे ते सुचले नाही. त्यांची कसलीही तक्रार नव्हती. मी नोंदवही काढली, अनामत मोजून दिली, त्यांनी सही केली, "आभारी आहे" म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर मी तो वॉकर जमिनीवर नीट ठेवून पाहिला. तो डुगडुगत होता. चार पायांपैकी एका पायाचे बटण इतरांपेक्षा एक भोक खाली अडकवलेले होते. दुसऱ्या एका पायाखालचे रबर इतके झिजले होते, की आतली ॲल्युमिनियमची नळी फरशीला टेकत होती. वॉकरची एकूण उंचीही कोणा उंच पुरुषाच्या मापाची होती. तो वॉकर आधी ज्यांनी वापरला, त्यांच्याकडून परत आला आणि जसाच्या तसा या माउलीकडे गेला, हे उघड होते. मग मी नोंदवहीतील ते पान पुन्हा वाचले. दिनांक, नाव, पत्ता, अनामत, भाडे, सही. सर्व रकाने व्यवस्थित भरलेले होते. माझ्या वहीत एकही चूक नव्हती.

त्या आजी वॉकरमुळेच पडल्या, असे मी ठामपणे सांगू शकत नाही. फरशी ओली असेल, चक्कर आली असेल, रात्री दिवा लावला नसेल. परंतु वॉकरमुळे पडल्या नाहीत, असेही मला सांगता येत नाही. हिशेब तपासणाऱ्या माणसाला या दोहोंमधील फरक कळतो. यंत्रसामग्रीचा घसारा आम्ही दरवर्षी पुस्तकात दाखवतो. काठीखालच्या रबराचा घसारा मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हता. तो त्या आजींच्या अंगावर निघाला.

पडणे ही आपण फार किरकोळ गोष्ट समजतो. "वय झाले, पडायचेच," असे म्हणून सोडून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि त्यात साठीच्या पुढील माणसे सर्वाधिक असतात. जे वाचतात, त्यांतील अनेक जण पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. आपल्या अस्थिरोग विभागातील डॉक्टर खुब्याची शस्त्रक्रिया उत्तम करतात. परंतु ती करण्याची वेळच न येणे हे अधिक चांगले, हे तेच आम्हांला सांगतात.

आता आपल्या परिसरातील घरे डोळ्यांसमोर आणा. औरंगपुरा, गुलमंडी, कुंभारवाडा, खडकेश्वर या भागांत अजूनही जुनी घरे आहेत. दाराला वीतभर उंच उंबरठा, आत शहाबादी फरशी, न्हाणीघराला एक पायरी खाली, शौचालय मागच्या अंगणात, दार अरुंद. त्यातच आपल्या शहराने वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने येणारे पाणी पाहिले आहे. पाणी आले, की घरात धावपळ. पिंप, बादल्या, हंडे भरले जातात, रबरी नळी खोल्यांमधून फिरते आणि फरशी ओली होते. त्याच वेळी आजोबांना लघवीला जायचे असते. वॉकर न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही. मग तो दारातच ठेवून आजोबा नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरतात आणि तेथेच पाय घसरतो. दुकानात वॉकर विकत घेताना किंवा आमच्या खिडकीवरून तो नेताना ते दार कोणाच्याच डोळ्यांसमोर नसते.

या प्रसंगानंतर मी आमच्या फिजिओथेरपी विभागात जाऊन बसू लागलो. तेथे जे शिकलो, त्यातील काही गोष्टी आपल्यासमोर ठेवतो. आज ना उद्या आपणा प्रत्येकाच्या घरी त्या उपयोगी पडतील.

प्रथम काठी आणि वॉकर. माणसाने नेहमीची चप्पल किंवा बूट घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत. काठीची किंवा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. मूठ फार उंच असेल तर खांदे वर चढतात आणि भार काठीवर पडतच नाही. फार खाली असेल तर माणूस पुढे ओणवा होतो. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची नसते, तर विरुद्ध हातात धरायची असते. मला स्वतःला हे ठाऊक नव्हते आणि मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतील बहुतेकांनी चुकीचेच उत्तर दिले. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हाही एक साधा नियम. वॉकरला धरून खुर्चीतून किंवा पलंगावरून स्वतःला वर ओढायचे नसते, कारण तो अंगावर उलटतो. हात खुर्चीवर टेकून उठावे, उभे राहिल्यावर मग वॉकर धरावा.

व्हीलचेअरचे अपघात बसताना आणि उठतानाही होतात. ब्रेक लावलेले नसतात किंवा पाय ठेवण्याच्या पट्ट्या उचलून बाजूला केलेल्या नसतात. माणूस पट्टीवर उभा राहतो आणि खुर्चीसकट पुढे येतो. उंबरठ्यावर फळी टाकून उतार करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. फळी आखूड असली तर तो उतार नव्हे, घसरगुंडी होते. एक इंच उंचीसाठी एक फूट लांबी, हे सर्वमान्य प्रमाण आहे. सहा इंचांच्या उंबरठ्याला सहा फूट लांब उतार हवा. जागा तेवढी नसेल, तर दोन माणसांनी खुर्ची उचलून न्यावी, हे अधिक सुरक्षित.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी एअर बेड नेला, की नातेवाइकांना वाटते, आता पाठीला जखमा होणार नाहीत. एअर बेड मदत करतो, परंतु कूस बदलण्याचे काम तो करत नाही. साधारण दर दोन तासांनी रुग्णाला वळवावेच लागते. कॉटच्या बाजूचे कठडे वर केले, की सर्व काही झाले असेही नाही. भ्रम झालेला रुग्ण कठड्यावरून चढून उतरू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो. अशा रुग्णासाठी कॉट शक्य तितकी खाली ठेवावी आणि रात्री कोणीतरी जवळ असावे.

ऑक्सिजनविषयी थोडे अधिक सांगणे मला आवश्यक वाटते. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत दात्यांनी ठिकठिकाणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिले आणि त्यांनी जीव वाचवले. ती साथ ओसरल्यावर हीच यंत्रे फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या रुग्णांकडे घरी जाऊ लागली. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आपल्या मराठवाड्यातील कितीतरी आया-बहिणींना हा विकार जडतो. हे यंत्र विजेवर चालते. वीज गेली की ते थांबते, म्हणून शेजारी भरलेला छोटा सिलिंडर असणे आवश्यक आहे. यंत्राची जाळी आठवड्यातून एकदा धुतली नाही, तर धुळीने ते गुदमरते. श्वास लागला म्हणून घरच्यांनी आपल्या मनाने ऑक्सिजन वाढवायचा नसतो. या विकारात गरजेपेक्षा अधिक ऑक्सिजन घातक ठरू शकतो; प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिलेलेच ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आग. आमचे कर्मचारी विचारत, "घरात कोणी बिडी-सिगारेट ओढते का?" नातेवाईक प्रामाणिकपणे "नाही" म्हणत. परंतु बहुतेक घरांत देवघर असते. संध्याकाळी निरांजन लागते, उदबत्ती लागते आणि पुष्कळदा रुग्णाची कॉट देवघराच्याच खोलीत असते, कारण तीच खोली स्वयंपाकघर व शौचालयाजवळ असते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, परंतु तो जेथे साठतो तेथे ठिणगीचा वणवा होतो. पांघरूण, केस, नाकातील नळी, काहीही क्षणात पेट घेते. म्हणून आता आम्ही "देवघर कोणत्या खोलीत आहे?" असेच विचारतो. निरांजन, उदबत्ती, शेगडी यांपासून किमान दहा फुटांचे अंतर ठेवावे आणि नाक कोरडे पडते म्हणून तेलकट मलम लावू नये, हे समजावून सांगतो. यात श्रद्धेला कोणतीही बाधा येत नाही. देवापुढची ज्योत तेवावी. फक्त तेथून रुग्णाची कॉट हलवावी.

लहान उपकरणांविषयी थोडक्यात सांगतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बोट थंड असेल किंवा नखाला रंग असेल, तर चुकीचा आकडा दाखवू शकतो. आकडा चांगला आणि रुग्ण मात्र घाबरा झालेला असेल, तर रुग्णावर विश्वास ठेवावा. घरी साखर तपासण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. आंबा कापलेल्या बोटाचे रक्त घेतले, तर यंत्र आंब्याचीही साखर मोजते आणि आजींच्या गोळ्या उगाच वाढतात. श्रवणयंत्र केवळ गप्पांसाठी नसते. कुकरची शिट्टी, दारावरची थाप, गुलमंडीच्या गर्दीत पाठीमागून येणाऱ्या स्कूटरचा हॉर्न त्यामुळेच ऐकू येतो. कपाटात ठेवलेले श्रवणयंत्र कोणाचेही रक्षण करत नाही.

आपल्या देशाने या बाबतीत जगाला एक धडा दिलेला आहे. १९६८ साली जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' तयार केला. त्यापूर्वी मिळणारा कृत्रिम पाय बुटाशिवाय वापरता येत नसे. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलातून अनवाणी चालणे त्यावर जमत नसे. तो पाय खुर्चीत बसून जेवणाऱ्या आणि बूट घालून वावरणाऱ्या लोकांसाठी घडवलेला होता. आपला शेतकरी तो काढून ठेवी आणि पुन्हा कुबडी घेई. शर्मा यांचे फारसे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. त्यांचे हात कारागिराचे होते आणि सेठी यांची दृष्टी वैद्याची होती. दोघांनी मिळून रबराचा असा पाय केला, की तो लावून माणूस शेतात जाऊ शकला. १९८१ साली डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्यासारख्या सामान्य माणसाने यातून एवढाच बोध घेतला, की साधन माणसाच्या घरात, त्याच्या बसण्या-उठण्यात बसले पाहिजे. ते बसत नसेल, तर कितीही महागडे असले तरी कोपऱ्यात पडते किंवा माणसाला पाडते.

शासनही या क्षेत्रात मागे नाही. कानपूर येथील 'एलिम्को' ही सार्वजनिक क्षेत्रातील संस्था १९७२ साली स्थापन झाली. अपंग व्यक्तींना साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ पासूनची आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर करून ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना अशा साधनांसाठी ३ हजार रुपये एकदा थेट बँक खात्यात देण्याचे ठरवले. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा तर साधनांकडे हक्क म्हणून पाहतो. तरीही जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगातील अडीचशे कोटींहून अधिक लोकांना चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंत किमान एका साहाय्यक साधनाची गरज आहे आणि त्यांपैकी सुमारे शंभर कोटी लोकांपर्यंत ते पोहोचत नाही. तेव्हा साधने द्यावीच लागतील, अधिक द्यावी लागतील. माझे म्हणणे इतकेच, की देणे हे कामाचे पहिले पाऊल आहे.

ते पुढचे पाऊल टाकण्यासाठी केंद्रात आम्ही काही बदल केले. नोंदवहीत नवे रकाने आखले. मुठीची उंची किती ठेवली, रबर व ब्रेक तपासले का, वापर कोणी शिकवला आणि रुग्णाने स्वतः करून दाखवले का. साधन नेण्यापूर्वी नातेवाइकांनी मोबाइलवर घरातील चार छायाचित्रे आणावीत, अशी विनंती आम्ही करतो. रुग्णाची कॉट, न्हाणीघराचे दार, शौचालय आणि घराची पायरी. ती पाहून फिजिओथेरपिस्ट सांगतात, की येथे वॉकर जाणार नाही, कमोड खुर्ची पलंगाशेजारी ठेवा, किंवा वॉकर नेण्याआधी भिंतीला एक पक्की दांडी बसवा. साधन गेल्यावर आठव्या दिवशी घरी दूरध्वनी केला जातो. परत आलेले साधन जंतुनाशकाने धुऊन, तपासून आणि सही करूनच पुन्हा फडताळात ठेवले जाते. एखादे उपकरण वापरताना स्वतःहून मोडले किंवा त्याने इजा केली, तर त्याची नोंद करण्यासाठी २०१५ पासून देशात 'मटेरिओव्हिजिलन्स' हा कार्यक्रम आहे. तसा अर्ज भरण्याची व्यवस्थाही आम्ही केली आहे.

हे सर्व सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. खिडकीवरची रांग लांबली. बाहेर रिक्षा उभी असताना घरचा माणूस म्हणतो, "साहेब, वॉकर द्या, प्रश्न नका विचारू." त्याचा त्रागा मला समजतो. क्वचित प्रसंगी आम्ही साधन देण्यास नकारही देतो, कारण ते त्या रुग्णासाठी योग्य नसते, आणि मग "धर्मादाय म्हणवता आणि गरिबाला परत पाठवता?" हे ऐकावे लागते. वर्षअखेरीस वाचून दाखवायचा वाटपाचा आकडाही कमी झाला. विश्वस्त मंडळाने मला त्याचा जाब विचारला आणि तो विचारणे त्यांचे कर्तव्यच होते. आज मी त्याचे उत्तर सर्वांसमक्ष देत आहे.

आता पैशाविषयी. ते बोलल्याशिवाय माझे भाषण पूर्ण होणार नाही. काठीखालचे रबर अत्यंत स्वस्त असते. खर्च रबराचा नसतो. ते बदलणाऱ्या, ब्रेक घट्ट करणाऱ्या, घरी जाऊन दार मोजणाऱ्या माणसाचा असतो आणि तो दरमहा असतो. धर्मादाय रुग्णालय या नात्याने उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार आपण निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा ठेवतो आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकतो. ती योजना रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. रुग्ण घरी गेल्यानंतरच्या काठीची व्यवस्था आपणांसच करावयाची आहे.

एका ज्येष्ठ देणगीदारांनी मागे व्हीलचेअर देण्याची इच्छा व्यक्त केली. मी त्यांना विनंती केली, की निम्म्या खुर्च्या द्याव्यात आणि उरलेली रक्कम देखभालीस द्यावी. ते म्हणाले, "खुर्चीवर आईचे नाव घालता येईल. देखभालीवर कोठे घालणार?" त्यांचा प्रश्न प्रांजळ होता आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. रबरावर नाव लिहिता येत नाही. खुर्च्या आल्या, आम्ही त्या कृतज्ञतेने स्वीकारल्या, त्यांनी अनेकांची सोय झाली. त्यांतील काही आज जिन्याखाली उभ्या आहेत, पुढची चाके निखळलेल्या अवस्थेत. यात त्या दात्यांचा दोष नाही. खुर्चीची खरी किंमत पहिल्या दिवसानंतर सुरू होते, हे आम्ही कोणत्याच दात्याला कधी सांगितले नव्हते. आज ते सांगत आहे.

म्हणून माझी विश्वस्त मंडळास आणि देणगीदारांस नम्र विनंती आहे. यापुढे केंद्रासाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीतील ठरावीक भाग साधनांच्या देखभालीसाठी आणि घरभेटींसाठी वेगळा ठेवण्यास आपण संमती द्यावी. त्याचा स्वतंत्र हिशेब अहवालात छापण्याची जबाबदारी माझी. आणि यापुढे या व्यासपीठावरून मी किती साधने दिली याबरोबरच किती तपासली, किती घरी जाऊन पाहिली आणि आमचे साधन वापरत असताना किती माणसे पडली, हेही वाचून दाखवीन. शेवटचा आकडा वाचताना मला संकोच वाटेल. वाटावाच.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही दोन शब्द. महिन्याच्या पहिल्या तारखेला काठी उलटी करून रबर पाहावे. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर एक लहान दिवा जळू द्यावा. पाणी येण्याच्या दिवशी वडीलधाऱ्यांना आधी आटोपू द्यावे, नंतर नळी सोडावी. एकाचा वॉकर दुसऱ्याने वापरू नये. आणि घरातील कोणी पडले, थोडेसे जरी लागले, तरी आम्हांला कळवावे. वृद्ध माणसे पडल्याचे लपवतात, हा आमचा अनुभव आहे. "पडलो म्हणून सांगितले, तर बाहेर जाणे बंद करतील," ही भीती त्यांना असते आणि ती खोटी नसते. पडू नये म्हणून आजोबांना दिवसभर खुर्चीत बसवून ठेवणे ही सुरक्षितता नव्हे. बसून बसून पायांतील बळ जाते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. काठी द्यायची ती त्यांनी औरंगपुऱ्यातील नाथ मंदिरापर्यंत चालत जावे म्हणून, कट्ट्यावर समवयस्कांत बसावे म्हणून, जमल्यास नाथषष्ठीला पैठणला जाऊन यावे म्हणून.

ज्या गृहस्थांनी तो वॉकर परत केला, त्यांना मी पुढे भेटून आलो. त्यांच्या आई अंथरुणावरच होत्या. झाल्या गोष्टीबद्दल मी क्षमा मागितली. माउलींनी मला जवळ बसवले, चहा घ्यायला लावला आणि म्हणाल्या, "तुमच्या वॉकरनं मी चार महिने तुळशीपर्यंत जात होते, ते कोण देणार होतं?" त्यांचा तो मोठेपणा. परंतु त्या पाचव्या महिन्यातही तुळशीपर्यंत गेल्या असत्या, तर आपल्या केंद्राचे काम पूर्ण झाले असे मला म्हणता आले असते.